आवाज गेला कुठे?

मी यंत्रातला माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. घरातला मिक्सर बंद पडला की तो दोनदा थोपटायचा, आणि तरीही चालला नाही तर आईला हाक मारायची, एवढेच माझे यंत्रज्ञान. दहावीनंतर मी कलाशाखा घेतली ती वाङ्मयाच्या ओढीने, असे मी सर्वांना सांगतो. पण गणित आणि विज्ञान सुटले याचा आनंद त्या ओढीपेक्षा कमी नव्हता! अशा माणसाने ध्वनिसंपादनाच्या आज्ञावलीविषयी वार्षिकांकात लेख लिहावा, हे माझ्या मित्रांना विनोदीच वाटेल. वाटो बापडे. घडलेली गोष्ट गेले कित्येक महिने मनात घोळते आहे, आणि ती सांगितल्याखेरीज मला स्वस्थ वाटणार नाही.

आमच्या वर्गात माझा एक मित्र आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याचे नाव मी मुद्दामच देत नाही. "माझ्यावर लेख लिहिण्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढचा धडा वाच," असेच तो म्हणेल. गावाहून एस.टी.ने येतो, पांढरी काठी टेकत स्टँडपासून महाविद्यालयापर्यंत चालतो, आणि वर्गात नेहमी पहिल्या बाकावर भिंतीच्या कडेला बसतो. पहिल्या वर्षी मी त्याच्या शेजारी बसलो तो केवळ दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. पुढे जागा झाली तरी मी तिथून उठलो नाही.

त्याचा अभ्यास कसा चालतो, याची आपल्यापैकी बहुतेकांना कल्पना नसते. मलाही नव्हती. भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही लिपी १९५१ पासून आहे. शाळेची पुस्तके तिच्यात मिळतात, पण महाविद्यालयात आले की संदर्भग्रंथ ब्रेलमध्ये मिळणे दुर्मीळ. फोनमध्ये अक्षरे वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज आहे, आणि तो मराठीही वाचतो. परंतु पुस्तक जुन्या छपाईचे असले, कागद पिवळा पडलेला असला, ओळींच्या मध्ये तळटिपांचे आकडे असले, की यंत्र अडखळते. त्यातून दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्राचीन गद्य होते. तेराव्या शतकातल्या म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'तली ती जुनी क्रियापदे यंत्राने वाचायला घेतली, की माझा मित्र हसून हसून लोळायचा. "हा बाबा मराठी वाचतोय की मंत्र म्हणतोय, तेच कळत नाही," असे म्हणायचा. हसून झाले की मात्र गप्प व्हायचा, कारण परीक्षा त्यालाही तीच होती.

"मी वाचून देतो," असे मी एक दिवस बोलून गेलो. २०२४ चा मार्च महिना होता तो.

आमच्या ग्रंथपाल मॅडमना आधी विचारले. पुस्तक असे आवाजात उतरवून घेणे कायद्यात बसते का, अशी मला धास्ती होती. त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावले. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची त्यांना वापरता येईल अशी प्रत करण्याची मुभा मिळाली. पुढे २०१३ साली याच विषयावर माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारतच. मला ऊर भरून आल्यासारखे झाले. बाहेर पडता पडता मॅडम म्हणाल्या, "एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला ना, त्याचे उपयोग त्याने पुढच्याच वर्षी लिहून काढले होते. त्यात अंधांसाठी बोलणारी पुस्तके हा उपयोग अगदी आरंभी आहे. गाणीबिणी नंतर." म्हणजे मी काही नवीन करीत नव्हतो. फोनोग्राफच्या जन्मापासून जे काम वाट पाहत होते, तेच करायला निघालो होतो.

सामग्री जमवली. सांस्कृतिक मंडळाच्या कपाटात एक जुना पण दणकट माइक होता. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालक हातात धरतात तोच. एका ज्येष्ठ विद्यार्थ्याकडून हातात मावेल एवढे ध्वनिमुद्रण यंत्र उसने मिळाले. माइकच्या तारेला तीन खिळ्यांची जाड पिन, आणि यंत्राला इअरफोनसारखे बारीक छिद्र. दोहोंना जोडणारी तार बाजारपेठेतल्या दुकानात मिळाली. तिने पुढे काय रामायण केले ते येईलच. वसतिगृहाच्या खोलीत दोन गोधड्या दोरीवर टाकल्या, पंखा बंद केला, आणि रात्री दहानंतर घाम पुसत मी वाचायला बसलो. सात रात्रींत तीन तासांचे वाचन झाले. माझा मित्र ज्या प्रकरणांसाठी अडला होता, ती सर्व त्यात आली.

आता उरले होते ते संपादन. त्यासाठी 'ऑडॅसिटी' नावाची आज्ञावली मी लॅपटॉपवर घेतली. ही फुकट मिळते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी तिचे काम सुरू केले, आणि २००० साली ती लोकांसाठी खुली झाली. ती उघडली की आपला आवाज निळ्या लाटांच्या रूपाने पडद्यावर पसरतो. बोललो तिथे लाट फुगते, थांबलो तिथे ती बारीक होते. चुकीचे वाक्य निवडायचे, पुसून टाकायचे. मला तो खेळ फार आवडला. लेखन खोडून दुरुस्त करावे तसे बोलणे खोडता येते, हे मला ठाऊकच नव्हते.

आणि मग 'एक्स्पोर्ट' नावाच्या शब्दाशी माझी गाठ पडली.

पहिली फजिती अगदीच बाळबोध होती. मी सगळे काम 'सेव्ह' केले आणि तयार झालेली फाइल मित्राच्या फोनवर पाठवून मोकळा झालो. त्याच्या फोनने ती उघडायलाच नकार दिला. तेव्हा समजले की 'सेव्ह' केल्याने जे तयार होते ते आपल्या कामाचे दप्तर. कुठे काय कापले, कोणती पट्टी कुठे ठेवली, ते सगळे त्यात असते, आणि ते ऑडॅसिटीलाच उघडता येते. पूर्वी तर या दप्तराचे दोन भाग असत, एक लहानशी फाइल आणि तिच्यासोबत प्रत्यक्ष आवाजाचा फोल्डर. फाइल नेली आणि फोल्डर मागे राहिला की पंचाईत! २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून दोन्ही एकत्र बांधले गेले. पण दप्तर ते दप्तरच. दुसऱ्याला ऐकण्यासारखे काही द्यायचे, तर त्यातून वेगळी फाइल बाहेर काढावी लागते. तेच एक्स्पोर्ट. भाकरी मागणाऱ्याला मी पिठाचा डबा, तवा आणि काटवट पाठवून दिली होती म्हणा ना!

दुसऱ्या खेपेस एक्स्पोर्ट केले. मित्राचा फोन आला. "मिळाले. पण यात तू फक्त खोकतोस."

मला वाटले थट्टा करतोय. पण ते खरेच होते. वाचता वाचता मला एके ठिकाणी खोकला आला होता, आणि तो पुसण्यासाठी मी तेवढाच भाग निवडून ठेवला होता. एक्स्पोर्टच्या चौकटीत संपूर्ण काम बाहेर काढायचे की निवडलेला भाग, असा प्रश्न असतो. तिथे 'निवडलेला भाग' राहून गेले. सात रात्रींच्या कष्टांतून माझा चार सेकंदांचा खोकला तेवढा उत्तम दर्जाने बाहेर पडला.

तिसऱ्या खेपेस तीन तासांचे वाचन पंचवीस मिनिटांतच संपले, आणि तेही सात जणांनी एकदम ओरडावे तसे! कारण असे, की सात रात्रींच्या सात फाइली मी एकामागून एक आत घेतल्या, तेव्हा प्रत्येक आपापल्या पट्टीवर बसली, आणि प्रत्येक पट्टी शून्यापासूनच सुरू होत होती. बाहेर काढताना ही आज्ञावली सगळ्या पट्ट्या मिसळून एक करते. ज्या पट्टीचे तोंड 'म्यूट'ने बंद केले असेल तेवढी वगळते. पट्ट्या एकापुढे एक लावण्याची सोय आहे, ती मेन्यूत सापडली, आणि सात तोंडांचा रावण पुन्हा एका तोंडाचा झाला.

एवढे होईपर्यंत मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो होतो. पहिल्या प्रकरणाचा वीस मिनिटांचा तुकडा नमुना म्हणून मित्राला दिला. त्याने ऐकला आणि म्हणाला, "छान वाचतोस. पण एक सांगू? तुझा आवाज माझ्या दोन्ही कानांत येतो, पण मध्ये कुठे बसत नाही. आणि इअरफोन काढून फोनवर लावला, की तू निघूनच जातोस. फार लांब जातोस."

मी हसलो. त्याला असे बोलण्याची सवयच आहे. एखाद्याच्या पावलांवरून त्याचे जेवण झाले आहे की नाही ते सांगणारा माणूस! त्याचे ते बोलणे मला काव्यमय वाटले, म्हणून मी त्याला दाद दिली, आणि विसरून गेलो. काव्य म्हणून दाद द्यावी आणि म्हणणे मात्र कानांआड करावे, ही आम्हा वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांची खोड आहे की काय, कोण जाणे!

परीक्षेला पाच दिवस उरले. अभ्यासाच्या सुट्टीसाठी तो गावी निघाला होता. गावात नेटवर्क इतके मंद, की मोठी फाइल पोचता पोचत नाही. म्हणून संपूर्ण वाचन एका कार्डावर घालून एस.टी. स्टँडवर त्याच्या हातात द्यायचे ठरले. अडचण एकच होती. त्याच्या कार्डावर जेमतेम दीडशे मेगाबाइट जागा शिल्लक होती, बाकीची इतर विषयांनी अडवलेली.

त्या रात्री मी प्रथमच हिशेब केला. आवाज मूळ स्वरूपात, म्हणजे 'वेव्ह' फाइलमध्ये ठेवला, तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकाला २ बाइट, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट, आणि तीन तासांचे जवळजवळ दोन गिगाबाइट. 'एमपीथ्री' केले तर पुष्कळ कमी होते, कारण माणसाच्या कानाला जाणवणार नाही असा तपशील त्यात वगळला जातो. सेकंदाला १२८ किलोबिटचा नेहमीचा दर धरला तरी तीन तासांचे एकशे बहात्तर मेगाबाइट होत होते. तेही मावेना. तेव्हा आणखी एक उपाय दिसला. बोलणाऱ्या एकट्या माणसाला डावी-उजवी बाजू कशाला हवी? दोन वाहिन्यांची एक करावी, 'मोनो', आणि दर ६४ वर आणावा. शहाऐंशी मेगाबाइट! मित्राची सोय झाली, म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

रात्रीचे दोन वाजले होते. फाइल तयार झाली. मी ती तपासली. होय, तपासली. लांबी पाहिली, बरोबर तीन तास. आकार पाहिला, बरोबर शहाऐंशी. समोर पडद्यावर माझ्या कामाच्या निळ्या लाटा छान भरदार दिसत होत्या. सकाळी सहाच्या गाडीला तो निघायचा होता. मी कार्ड काढून पाकिटात घातले आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"अरे, यात काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे चालू होते. वेळ पुढे सरकतो. पण तू नाहीस. काल गाडीत गोंगाट असेल म्हणून सोडून दिले. आज सकाळपासून शेतावरच्या खोलीत बसून ऐकतोय. बारीक गुणगुण आहे. बस्."

आणि वाचकहो, त्यावर मी जे बोललो त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे. मी म्हणालो, "माझ्याकडे सगळे नीट दिसतेय रे. तुझ्याकडूनच कुठले तरी बटण दाबले गेले असेल. घरात कोणाला तरी बघायला सांग ना."

बघायला सांग! तो क्षणभर काही बोलला नाही. मग शांतपणे म्हणाला, "आवाज पूर्ण वाढवलेला आहे. इअरफोनही दोन बदलून पाहिले. उद्या येतो."

चाळीस किलोमीटर एस.टी.ने, एप्रिलच्या उन्हात तो आला. म्हणजे जाताना एक दिवस, ऐकण्यात एक दिवस, आणि येताना एक दिवस, असे पाचांतले तीन दिवस गेले होते. मी त्याच्यासमोर कार्ड लॅपटॉपला लावले आणि ती फाइल ऑडॅसिटीत उघडली. पडद्यावर लाटा नव्हत्याच. टोकापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ होती. मी आदल्या रात्री ज्या भरदार लाटा पाहून झोपलो, त्या माझ्या कामाच्या होत्या. बाहेर पडलेली फाइल मी पाहिलीही नव्हती, आणि ऐकली तर नव्हतीच. आकार बरोबर होता, कारण ठरावीक दराच्या एमपीथ्रीला आत बोलणे आहे की शुकशुकाट आहे याच्याशी कर्तव्य नसते. तीन तासांची शांतताही तेवढीच जागा व्यापते.

मला रडूच यायचे बाकी होते. तो मात्र म्हणाला, "तुझे मूळ काम आहे ना? ते लाव. आणि इअरफोन दे."

त्याने ऐकले. मग उजव्या कानातला काढला, तो घातला आणि डावा काढला. असे तीन-चार वेळा केले. "एकेकटा बरोबर आहे," तो म्हणाला. "दोन्ही लावले की मध्ये पोकळी होते. लेका, तुम्ही दोघे आहात यात, आणि एकमेकांच्या विरुद्ध बोलताय. मी तुला तेव्हाच सांगितले होते."

तेव्हा मी पडद्यावरची लाट मोठी करून पाहिली. डावी वाहिनी जिथे वर चढत होती, तिथे उजवी बरोबर तेवढीच खाली उतरत होती. आरशातले प्रतिबिंब असावे तशी. रस्सीखेचीत दोन्ही बाजू अगदी सारख्या जोराने ओढू लागल्या की दोर जागचा हलत नाही, तसे झाले होते. इअरफोनने प्रत्येक कानाला एकेक बाजू मिळत होती, म्हणून ऐकू तरी येत होते. फोनच्या एकुलत्या एका स्पीकरवर दोन्ही एकत्र आले की आवाज नाहीसा व्हायचा, आणि म्हणूनच मी 'लांब जात' होतो. आणि मी तर मोनो करताना फाइलमध्येच दोन्हींची बेरीज करून टाकली. अधिक पाच आणि उणे पाच. उत्तर शून्य. गणित सुटले म्हणून आनंद मानणाऱ्याला गणिताने असे गाठले!

पण हे झाले कशाने? मित्रच म्हणाला, "चल, लाउडस्पीकरवाल्या काकांना विचारू." आमच्या स्नेहसंमेलनाला मंडप आणि ध्वनियंत्रणा देणारे काका स्टँडमागे राहतात. त्यांनी माझी ती तार हातात घेतली आणि दोन मिनिटांत निदान केले. तीन खिळ्यांच्या माइकमधून एकच आवाज दोन तारांवरून येतो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. मंचावरून लांबवर तार न्यायची तर वाटेत विजेची गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरते. त्यांचे मिक्सर यंत्र एकीतून दुसरी वजा करते. त्यामुळे सारखी असलेली गुणगुण जाते, आणि उलटसुलट असलेला आवाज दुप्पट होऊन उरतो. "पण तुझं यंत्र हाय दोन कानांचं," काका म्हणाले. "त्याला वाटलं, एक तार डाव्या कानाची नि एक उजव्याची. तू वजाबाकीच्या जागी बेरीज केलीस. मग आवाज जाणार नि गुणगुण ऱ्हाणार!"

म्हणजे माझा मित्र शेतावरच्या खोलीत बसून ऐकत होता, ती त्या तारेचीच गुणगुण. त्याला जे ऐकू आले, ते अक्षरशः खरे होते.

उपाय म्हणाल तर पाच मिनिटांचा. दोन वाहिन्या सुट्या करायच्या, त्यांतली एक पुसून टाकायची, आणि उरलेली एक्स्पोर्ट करायची. किंवा 'इन्व्हर्ट' ही आज्ञा देऊन एक वाहिनी उलटी करून घ्यायची, मग बेरीज बरोबर येते. मी एक पुसली. शहाऐंशी मेगाबाइटची फाइल पुन्हा तयार झाली, आकाराने पहिलीसारखीच. या वेळी माझ्या मित्राने ती स्वतःच्या फोनवर, इअरफोनशिवाय लावली. खोलीत माझा आवाज भरला. तो म्हणाला, "आता मध्ये बसलास."

तो परीक्षेला बसला. लेखनिकाच्या साहाय्याने पेपर दिला आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. हे वाचून सगळे गोड झाले असे आपणास वाटेल, म्हणून उरलेलेही सांगतो. शेवटचे प्रकरण ऐकायला त्याला वेळ उरला नाही, आणि नेमका त्यावरच दहा गुणांचा प्रश्न आला. तो त्याला सोडून द्यावा लागला. हे त्याने मला सांगितले नाही. मला ते त्याच्या लेखनिकाकडून दोन महिन्यांनी कळले. मी विचारले तेव्हा म्हणाला, "जाऊ दे रे. तुझाही तो पेपर कुठे फार चांगला गेला होता?"

त्या दहा गुणांचा मी पुष्कळ विचार केला आहे. तार चुकीची निघाली, याचा दोष मी स्वतःला देत नाही. ते मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माझी खरी चूक वेगळी होती. जे काम कानांसाठी होते, ते मी डोळ्यांनी तपासले. लांबी पाहिली, आकार पाहिला, लाटा पाहिल्या. तीन तासांतले तीन सेकंद जरी ऐकले असते तरी पुरे होते. आणि ज्याला ऐकण्याची जाण माझ्याहून कितीतरी अधिक, त्याने दोषाचे अचूक वर्णन करून सांगितले, तेव्हा मी त्याला कविता समजलो. पुढे काहीच ऐकू येत नाही असे तो म्हणाला, तर त्याला दिसत नाही म्हणून त्याचेच चुकले असेल, असे मी धरून चाललो. आपल्याला दिसते, एवढ्यानेच आपण बरोबर आहोत, असे वाटायला किती थोडे लागते! मी तर स्वतःला त्याचा जिवलग समजत होतो.

आमच्या विभागाच्या सरांना ही हकिकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हीही वर्गात शिकवून झाले की वही पाहतो, हजेरीचा आकडा पाहतो, आणि झाले म्हणतो. पोचले का, ते कोण ऐकतो?" सर हे विनोदाने म्हणाले असतील. पण हसले मात्र नाहीत.

या वर्षी आम्ही चौघे जण मिळून वाचतो. वर्गातल्या दोन मुली आल्या आहेत, आणि पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी. त्यांच्यासाठी मी वहीच्या पाठच्या पानावर काही सूचना लिहून ठेवल्या आहेत. सेव्ह म्हणजे एक्स्पोर्ट नव्हे. एक्स्पोर्टच्या आधी काही निवडलेले राहिले आहे का ते पाहावे. पट्ट्या एकापुढे एक आहेत ना, कोणाचे तोंड बंद तर नाही ना, तेही पाहावे. एकट्या माणसाच्या वाचनाला मोनो पुरते, पण त्याआधी लाट मोठी करून दोन्ही वाहिन्या एका दिशेने चालतात का ते तपासावे. आणि शेवटची सूचना अशी, की तयार झालेली फाइल लॅपटॉपवरून काढून फोनवर घ्यावी, इअरफोन न लावता, डोळे मिटून, आरंभी, मध्ये आणि शेवटी ऐकावी, आणि मगच द्यावी.

ही शेवटची सूचना माझ्या मित्राने वाचून घेतली आणि तिच्यात एक दुरुस्ती सुचवली. "डोळे मिटून नको," तो म्हणाला. "उघडे ठेवलेस तरी चालेल. फक्त ऐक."